कालचे उत्तर

साकोलीच्या बाहेर, नागझिऱ्याकडच्या अंगाला, एका खासगी नर्सिंग कॉलेजचे मुलींचे वसतिगृह आहे. तळमजला आणि वर तीन मजले. बाहेर पडायला दोन दारे, एक समोरचे आणि एक मागच्या जिन्याचे. माझा धाकटा भाऊ त्या इमारतीत देखभालीच्या कामावर होता. त्याची मुलगी तिथेच तिसऱ्या मजल्यावर राहत होती, अजूनही राहते. पहिल्या वर्षापासून प्रत्येकीने वसतिगृहातच राहायचे असा कॉलेजचा नियम आहे. आमचे गाव तिथून दुचाकीने तासाच्या आत आहे, पण नियमाला अंतर कळत नाही.

दोन्ही दारांना चुंबकाची कुलपे होती. ती बसवण्यामागे एक मंडई होती. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि त्या रात्री नाटक असते. एका वर्षी वसतिगृहातल्या काही मुली मागच्या जिन्याने उतरून शेजारच्या गावी नाटकाला गेल्या आणि उजाडता उजाडता परत आल्या. नाटक पाहिले, शेव-चिवडा खाल्ला, याहून जास्त काही घडले नव्हते. पण पालकांचे फोन थांबेनात. पुढच्या प्रवेशाच्या पत्रकात इमारतीच्या चित्राखाली ‘संगणकीकृत दारे’ असे छापून आले.

भावाने आयटीआय केल्यावर नागपूरच्या एका ठेकेदाराकडे याच प्रकारचे काम केले होते. मोठ्या इमारतीतली थंड हवेची यंत्रे, पाण्याचे पंप, दिवे, धुराचे इशारे आणि दारे हे सगळे एका पडद्यावर आणायचे काम. आई गेली, वडील एकटे पडले, तेव्हा त्याला गावाजवळ नोकरी हवी होती. पंपांच्या जळालेल्या मोटारी बांधणारे, ट्रॅक्टर दुरुस्त करणारे आमच्याकडे पुष्कळ लागतात. त्याच्या हातातल्या कामाला जागा एकच निघाली, ती ही. मुलीचा प्रवेशही तिथेच झाला. त्याने ते दोन्ही एकत्र मिळाल्याचे समाधान मानले.

मी तेव्हा नागपूरच्या वर्तमानपत्रातले काम संपवून गावी आलो होतो. तो नेमके काय करतो हे मी त्याला पहिल्यांदा विचारले ते अंगणात, तो वडिलांचा रेडिओ उघडून बसला असताना. त्याने सांगितले ते असे. यंत्रांना एकमेकांशी बोलावे लागते आणि प्रत्येक कंपनीच्या यंत्राची बोली वेगळी असते. बोली म्हणजे नुसते शब्द नव्हेत. आधी कोणी विचारायचे, उत्तर कोणत्या क्रमाने द्यायचे, उत्तराची वाट किती पाहायची आणि ते आलेच नाही तर काय समजायचे, हे सगळे त्यात ठरलेले असते. वसतिगृहातले धुराचे पॅनल मॉडबस नावाच्या बोलीत चालत होते. त्या बोलीत एकच जण विचारतो. बाकीचे विचारल्यावर सांगतात, आपणहून कोणी तोंड उघडत नाही. दारांची यंत्रणा बॅकनेट नावाच्या दुसऱ्या बोलीतली. म्हणून मध्ये एक छोटा डबा बसवला होता. त्याला गेटवे म्हणतात. तो दुभाषी.

“दुभाष्याच्या भरोशावर दार ठेवाचं नसते, दादा,” तो म्हणाला होता.

त्याचे म्हणणे होते की धुराच्या पॅनलपासून दाराच्या विजेपर्यंत सरळ एक वायर हवी. इशारा वाजला की वीज तुटावी, वीज तुटली की चुंबक सुटावा. त्यात कोणी कोणाला काही विचारायचे नसते. पडदा माणसांना दाखवण्यासाठी ठेवावा, दार उघडण्यासाठी नाही. दारे बसवणाऱ्या ठेकेदाराने ती वायर ओढली नव्हती, दुभाष्यावर भागवले होते. दाराशेजारी, अडचणीच्या वेळी दाबायची एक हिरवी डबी होती. मुली ती दाबून बाहेर जातात म्हणून संस्थेने काढून टाकली होती. भावाने दोन्ही गोष्टी संस्थेच्या सचिवांना सांगितल्या. सचिवांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत पाहू म्हटले. सुट्टी यायची होती.

त्याआधी मोह आला.

मोहाचे फूल पहाटे गळते. वाळलेल्या पानांत ते दिसत नाही, म्हणून वेचणारे आधी झाडाखालचा पाला जाळून जमीन काळी करून घेतात. वसतिगृहाच्या मागे शेतांच्या बांधांवर मोहाची झाडे आहेत आणि पलीकडे जंगल सुरू होते. सकाळी वारा नसतो. धूर जमिनीलगत सरकत येतो आणि उघड्या खिडक्यांतून व्हरांड्यात शिरतो. छताला बसवलेल्या, धूर ओळखणाऱ्या डब्यांना तो पाल्याचा आहे की गादीचा हे कळत नाही. सायरन वाजू लागला. दारे उघडू लागली.

पहिल्या सकाळी मुली पुस्तके छातीशी धरून खाली धावल्या. परीक्षा जवळ होती. पुढे पुढे त्या उठेनाशा झाल्या. सायरनला त्यांनी ‘मोहाची घंटा’ असे नाव दिले आणि घंटा वाजली की पांघरूण डोक्यावर ओढून घेऊ लागल्या. हे माझ्या पुतणीने आम्हाला हसत सांगितले होते. वॉर्डन मॅडमला मात्र उघड्या दारांतून कोणी जात नाही ना हे पाहायला रोज दोन दारांमध्ये पळावे लागे. त्या जवळच्याच गावच्या, वयाने भावाहून थोड्या मोठ्या. त्यांच्या घरीही मोह वेचत. लोकांना पाला जाळू नका असे सांगून पाहा, असा निरोप सचिवांकडून आला, तेव्हा त्यांनी भावाला विचारले, “जंगलाले सांगू का मी, का आज धूर नको करू म्हून?”

मग सचिवांनी भावाला बोलावले. सायरन वाजला तर वाजू दे, दार कशाला उघडते, असा त्यांचा प्रश्न होता. दार उघडण्यासाठीच सायरन आहे, हे भावाचे उत्तर त्यांना उद्धट वाटले. भावाने धुराचे डबे बदलायला सुचवले, वायरीची आठवण दिली. सचिव म्हणाले, मोहापुरते काहीतरी कर. वडिलांना सोडून पुन्हा नागपूरला जायची त्याची तयारी नव्हती. त्याने केले.

केले ते साधे होते. दुभाष्याच्या डब्यात धुराच्या निरोपासाठी एक जागा असते. ती सेवेबाहेर ठेवता येते, म्हणजे दुरुस्तीच्या वेळी निरोप आला तरी पुढे जात नाही आणि त्या जागी आधीचे उत्तर तसेच उभे राहते. भाऊ सकाळी ती जागा सेवेबाहेर काढायचा आणि धूर उतरला की दुपारपर्यंत परत सेवेत आणायचा. दरम्यान पडद्यावर दारांच्या ओळीपुढे हिरव्या अक्षरांत ‘सामान्य’ असेच दिसत राही. बाहेरच्या माणसाला काही बदलले आहे असे वाटायला जागा नव्हती.

एका सकाळी त्याने ती जागा बंद केली आणि थोड्याच वेळात गोसीखुर्दकडून फोन आला. आमची मोठी आत्या गेली होती. धरणात गाव गेल्यानंतर ती पुनर्वसनाच्या वस्तीत राहत होती. आम्ही दोघे वडिलांना घेऊन निघालो. मातीचे सगळे आटोपून, आत्याच्या घरी मुक्काम करून परतलो. वाटेत भाऊ पुष्कळ बोलला. बुडालेल्या गावातल्या तलावाबद्दल, आत्या आम्हाला तिथे शिंगाडे खाऊ घालायची त्याबद्दल. त्या बंद जागेची आठवण त्याला झाली नाही.

शनिवारी पुतणी घरी आली. जेवताना तिने एक गंमत सांगितली. आम्ही आत्याकडे गेलो त्याच दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीने इस्त्रीखाली ओढणी ठेवून फोन घेतला. ओढणी जळाली, मग खालची चादर. दुपारची वेळ होती, मोहाची नव्हे, म्हणून सायरन वाजल्यावर या वेळी सगळ्या खरोखर धावल्या. मागच्या जिन्याने उतरल्या.

“पण दार तं उघडलंच नाही, बाबा,” ती म्हणाली. “आमी ढकलून राहिलो, मागून पोरी येऊन राहिल्या. एकीची चप्पल माह्या पायाखाली, तिचा पाय चपलेतच.”

वॉर्डन मॅडमने समोरचे दार आपल्या कार्डाने उघडले आणि सगळ्या उलट फिरून तिकडून बाहेर पडल्या. चादर कोणीतरी बादलीभर पाणी टाकून विझवली होती. कोणाला इजा झाली नाही. पुतणी त्या ओढणीच्या मालकिणीची नक्कल करून दाखवत होती. वडील हसले. भावाने ताटातला भात तसाच ठेवून हात धुतला आणि गाडी काढली.

तो परत आला तेव्हा मी विचारले, पडद्यावर काय होते? तो म्हणाला, सामान्य. मी म्हटले, म्हणजे पडदा खोटे सांगत होता.

“पडदा खोटं नाही बोलत,” तो म्हणाला. “त्याले नवीन काही कळूच दिलं नाही, म्हून तो मागचंच सांगून राहिला.”

त्या दिवसानंतर त्याने ती जागा बंद करायला नकार दिला. सकाळी दारे उघडू लागली, मॅडम पळू लागल्या, सचिवांचे फोन येऊ लागले. वायरीचा विषय त्याने पुन्हा काढला. सचिवांनी त्याला समजावले की तो यंत्रांचा माणूस आहे, संस्था कशी चालते ते त्याने पाहू नये. जळालेल्या चादरीबद्दल कोणी पालकाने विचारले नव्हते, कारण मुलींनी घरी ते गंमत म्हणूनच सांगितले होते, किंवा सांगितले नव्हते.

भावाने मला विचारले, पेपरात येईल का? मी नागपूरला जुन्या सहकाऱ्याला फोन केला. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग आग लागली का, विचारले. मी म्हटले, एक चादर. कोणी जखमी? नाही. दार आता उघडते? उघडते. “मग बातमी काय?” तो म्हणाला. प्रश्न नेहमीचाच होता. डेस्कवर तो रोज विचारला जातो, आणि त्याचे उत्तर नसेल तर कागद बाजूला जातो. मी भावाला येणार नाही एवढेच सांगितले.

परीक्षेआधी पालकांची सभा होती. घरातून भाऊ कर्मचारी म्हणून हजर असणार होता, म्हणून पालक म्हणून मी गेलो. वसतिगृहाच्याच तळमजल्यावरच्या सभागृहाच्या भिंतीवर मोठा पडदा लावला होता आणि त्यावर वसतिगृहाचा नकाशा, मजले, दारे, सगळे हिरव्या अक्षरांत. सचिव काठी फिरवून दाखवत होते. लाखनी, साकोली, सडक अर्जुनीकडचे लोक, बहुतेक धानाची शेती असलेले, काही बाजारातले दुकानदार. बायका मागच्या खुर्च्यांवर.

सकाळी आल्यावर भावाच्या लक्षात आले होते की त्याचा संगणकाचा पासवर्ड चालत नाही. ठेकेदाराने तो नागपुरातून बदलला होता, सचिवांच्या सांगण्यावरून. म्हणजे ती जागा आता कोणत्या स्थितीत आहे हे त्याला पाहता येत नव्हते. पाहण्याचा एकच मार्ग उरला होता.

तो सभागृहाबाहेरच्या व्हरांड्यात गेला. मी दारातच बसलो होतो, मला दिसत होते. त्याने अंगणातला पाला एका घमेल्यात घेतला, काडी लावली आणि घमेले छताच्या धुराच्या डब्याखाली उंच धरून उभा राहिला. सायरन वाजला. सचिव बोलायचे थांबले. लोकांनी एकमेकांकडे पाहिले, काही उठले. भाऊ आत येऊन म्हणाला की घाबरू नका, पाला आहे, फक्त मागच्या जिन्याशी चला. पंधरा-वीस जण गेले. त्याने पुढे उभ्या असलेल्या एका धिप्पाड शेतकऱ्याला दार ढकलायला सांगितले. त्या गृहस्थांनी आधी हाताने ढकलले, मग खांदा लावला. मग आणखी एकाने. दार हलले नाही.

सभागृहात पडदा हिरवा होता. सायरन अजून वाजत होता.

“आग लागन तेव्हाबी हे असंच राहीन,” भाऊ म्हणाला. “तुमच्या पोरी अंदर राहतीन आणि तिथं भिंतीवर ‘सामान्य’ लिहून राहीन. माही पोरगी बी त्याइच्यातच हाये.”

सायरन बंद केल्यावर लोक परत सभागृहात आले. ज्यांनी खांदा लावला होता त्यांनी सचिवांना विचारले, हे खरे का. सचिव म्हणाले, तांत्रिक बिघाड आहे. मग खांदा लावणाऱ्या त्या गृहस्थांनी भावालाच विचारले, उपाय काय. भाऊ सांगू लागला. पॅनल, वायर, वीज तुटली की चुंबक सुटतो. तो नीट सांगत होता, पण सावकाश, आणि तोपर्यंत मागून एक किराणा दुकानदार उभे राहिले होते.

“वायर-गियर सोड गा आता,” ते म्हणाले. “साधं कुलूप लावा. चावी मॅडमपाशी. आपल्याले दिसते तरी, का लागलं हाये का नाही.”

सभागृहात लगेच होकार पसरला. कुलूप सगळ्यांना माहीत होते. धानाच्या कोठीला, मोटारीच्या पेटीला, दुकानाला तेच असते. त्याला वीज लागत नाही, ते नागपुरातून कोणी बदलत नाही. भावाने सांगायचा प्रयत्न केला की कुलूप धुराने उघडत नाही, मॅडम एक आणि मुली पाऊणशे, चावी हाताशी नसेल तर काय. त्याचे म्हणणे कोणी खोडले नाही. ते ऐकले गेले आणि बाजूला राहिले. एक बाई म्हणाल्या, पोरी मंडईले तं जानार नाहीत ना. सचिवांनी पालकांच्या सूचनेचे स्वागत केले. दुसऱ्याच दिवशी मागच्या दाराला आतून साखळी आणि पितळी कुलूप लागले, समोरच्या दाराला जेवणानंतर लागू लागले.

भावाला कोणी काढून टाकले नाही. दारे संगणकावर नव्हती, तेव्हा संगणकाच्या माणसाची गरज उरली नाही, असे त्याला सांगण्यात आले. त्याने मुलीला तिथून काढायचा विचार बोलून दाखवला. तिने ऐकून घेतले नाही. वर्ष वाया जाणार होते आणि दुसरीकडेही अशीच दारे असणार, असे तिचे म्हणणे होते.

काही दिवसांनी वॉर्डन मॅडमचा त्याला फोन आला. त्यांनी त्याला साकोलीच्या बस स्टँडवर बोलावले, जिथे चाव्या बनवणारा बसतो. मी बरोबर होतो. मॅडमने पर्समधून मागच्या दाराची चावी काढून त्या माणसाच्या पुढ्यातल्या लोखंडी पाटावर ठेवली.

“मले जरा बांगड्या पाहाच्या हायेत,” त्या भावाला म्हणाल्या. “तुमचं होऊ द्या, भाऊ. मी काही पाहिलं नाही.”

चावीवाल्याने कानस चालवली. मॅडम शेजारच्या गाड्यावर उभ्या राहिल्या. त्यांनी एकही बांगडी हातात घेतली नाही. चावी तयार झाल्यावर आपली पर्समध्ये टाकून निघून गेल्या.

दुसरी चावी पुतणीच्या गळ्यात आहे, काळ्या दोऱ्यात, कुडत्याच्या आत. खोलीतल्या तिच्या दोन मैत्रिणींना माहीत आहे, बाकी कोणाला नाही. ती शनिवारी घरी येते तेव्हा चावी मैत्रिणीकडे द्यायची, असे ठरले. भावाने त्यात एक अट घातली. दिली, असे मुलीने सांगून चालणार नाही. ज्या मैत्रिणीला दिली तिने स्वतः त्याला फोन करून मिळाली म्हणायचे. पुतणी वैतागली. ती म्हणाली, मी खोटे बोलते का?

“तू देल्ली म्हंजे तिले भेटली असं नाही होत,” तो म्हणाला.

आता तो मिळेल ते काम करतो. शीतगृहांची यंत्रे, गोसीखुर्दकडे पंपांचे पॅनल, कधी लग्नाच्या हॉलमधले जनरेटर. कुठेही असला तरी दिवेलागणीला तो मुलीला फोन लावतो. अभ्यास, जेवण, तब्येत हे आम्ही बाकीचे विचारतो. तो एकच विचारतो, चावी? ती म्हणते, आहे. कधी ती नुसतेच हूं म्हणते, तेव्हा तो पुन्हा विचारतो. संभाषण तेवढेच.

मागच्या आठवड्यात तिचा फोन लागला नाही. त्याने पुन्हा लावला. मैत्रिणीचा लावला, तोही बंद. मॅडमचा लागला, पण उचलला गेला नाही. वडील खाटेवर बसले होते. आमच्याकडे संध्याकाळी नेटवर्क जाते-येते, हे त्यांनाही ठाऊक आहे. त्यांनी सांगितले की काल ती आहे म्हणाली होती, आज कुठे जाणार आहे चावी.

“ते कालचं हाये,” भाऊ म्हणाला आणि चपला घालून निघाला.

जेवणे झाली, ताटे घासून झाली. तो परत आला. साकोलीचा टॉवर बंद पडला होता. मुलीला व्हरांड्याच्या जाळीशी बोलावून त्याने दोरा बाहेर काढून दाखवायला लावला होता, आणि ती सगळ्यांसमोर रडवेली झाली होती. चावी होती. एवढे सांगून तो जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी भाऊ पंपाच्या कामावर होता आणि उशीर झाला होता. दिवे लागले तसे वडिलांनी मला हाक मारली. त्यांनी आपला जुना फोन माझ्या हातात दिला आणि नातीचा नंबर लावून दे म्हणाले.